डावाच ट्रॅक का उतरतो? हातबनावटीच्या एका ट्रॅक-गाडीच्या दुरुस्तीचं प्रकरण

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यासोबत ना कागद होता ना नकाशा. मिळालं ते एकच वाक्य. आधीच्या मालकाने गाडी सोडताना सांगितलं, "हिचा डावा ट्रॅक उतरतो. पहिल्यापासून उतरतो. तो ताणून ठेवा, मग चालते."

या वाक्यातला "पहिल्यापासून" हा शब्द खोटा होता, हे कळायला मला चार महिने लागले. तो मालक खोटं बोलत नव्हता. त्याच्या हातात गाडी आली तेव्हापासून ट्रॅक उतरतच होता. पण ज्याने गाडी बनवली त्याच्या हातून ती तशी बाहेर पडलेली नव्हती. हे सगळं प्रकरण या फरकाचं आहे.

आधी गाडीबद्दल. पाइप आणि अँगलचा सांगाडा, त्यावर जुन्या मोटारीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि गिअरबॉक्स. मागे त्याच मोटारीचा अ‍ॅक्सल, डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन्ही बाजूंना वाटून देणारी गिअरची जोडणी) आणि ब्रेक ड्रमसकट. अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना दातेरी चाकं. प्रत्येक बाजूला कन्व्हेयर बेल्टचे १३० मिलिमीटर रुंदीचे दोन पट्टे, मध्ये १०० मिलिमीटरची फट, आणि दोन्ही पट्ट्यांना जोडणाऱ्या ५२ लोखंडी आडपट्ट्या. हे सगळं मिळून एका बाजूचा ट्रॅक. दातेरी चाकाचे दात त्या मधल्या फटीत शिरतात आणि आडपट्टीला ढकलतात. प्रत्येक आडपट्टीला चार बोल्ट, म्हणजे एका बाजूला २०८ आणि दोन्ही मिळून ४१६.

हातबनावटीच्या बऱ्याच ट्रॅक-गाड्यांची मांडणी अशीच असते, आणि तिची वंशावळ मोठी आहे. मोटारीखाली रबराचा लवचीक पट्टा घालायची कल्पना आदोल्फ केग्रेस यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी रशियाच्या झारच्या ताफ्यातल्या मोटारींवर राबवली. पुढे त्यांच्या पद्धतीचे ट्रॅक लावलेल्या सित्रोएनच्या गाड्यांनी १९२२-२३ मध्ये सहारा ओलांडलं. कॅनडात जोझेफ-आर्मान बोंबार्दिए यांनी बर्फावर चालणाऱ्या गाडीसाठी दातेरी चाक आणि ट्रॅकच्या रचनेचं पेटंट १९३७ मध्ये मिळवलं. शेडमध्ये बसून बेल्टला आडपट्ट्या ठोकणारा माणूस ही नावं जाणत असो वा नसो, तो याच वाटेने चाललेला असतो.

गाडीचं वजन चालकासह साधारण ७८० किलो भरलं. जमिनीला टेकणारी लांबी दीड मीटर, आडपट्टीची रुंदी ३६ सेंटिमीटर. दोन्ही बाजू धरल्या तर टेकणारं क्षेत्रफळ १०,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सरासरी ०.०७२ किलो भार. सत्तर किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहिला तर तळव्यांखालचा भार याच्या दुपटीहून जास्त असतो, आणि चालताना एका पायावर आला की त्याच्याही दुप्पट. माणूस जिथे घोट्यापर्यंत रुततो तिथून ही गाडी जाते, ती एवढ्याचसाठी. अर्थात हा आकडा सरासरीचा आहे. प्रत्यक्षात भार चाकांच्या खाली जास्त आणि दोन चाकांच्या मध्ये कमी पडतो.

वळवायची पद्धत साधी. स्टिअरिंग नाही, दोन दांडे आहेत. उजवा दांडा ओढला की उजव्या बाजूचा ब्रेक लागतो, डिफरन्शियल ती गती डाव्या बाजूला देतं आणि गाडी उजवीकडे वळते. एक बाजू पूर्ण अडवली तर दुसरी दुप्पट वेगाने फिरते. या पद्धतीची एक खोड आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. त्यामुळे ज्या बाजूच्या ट्रॅकला ओढ जास्त, ती बाजू मागे पडते आणि गाडी आपोआप तिकडे वळू लागते. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

बघायला आलेला प्रत्येक जण आधी इंजिनाकडे गेला. इंजिन कित्येक वर्षं बंद होतं, त्यामुळे ते साहजिकच होतं. पण सगळ्यात कमी त्रास त्यानेच दिला. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं आणि हाताने फिरवलं तर सुटलं. कार्ब्युरेटर खोलून धुतला, पॉइंट घासले, पेट्रोलची टाकी आणि नळ्या बदलल्या. बस. याहून जास्त लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

सांगाड्याला जास्त वेळ गेला. हातोडीने टकटक करत गेलो तर बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज, पण मागच्या आडव्या पाइपवर डाव्या बाजूला बोदा आवाज आला. खाली छोटं भोक पाडलं तर तांबूस पाणी धारेने बाहेर आलं. पाइप आतून कुजला होता. त्याच पाइपला उजव्या टोकाला खालून एक भोक आधीपासून होतं, कडा साफ केलेलं. म्हणजे बनवणाऱ्याला पाणी साचणार हे ठाऊक होतं आणि त्याने वाट ठेवली होती. डाव्या टोकाचं तसंच भोक कुणीतरी नंतर आधाराची प्लेट जोडताना वेल्डिंगखाली बुजवून टाकलं होतं.

इथे माझ्या मनात पहिल्यांदा दोन माणसं वेगळी झाली: एक बनवणारा आणि एक नंतरचा दुरुस्त करणारा. दोघांचं वेल्डिंगही वेगळं होतं. पहिल्याचे टाके बारीक, एकावर एक नीट बसलेले. दुसऱ्याचे जाड, फुगीर, शेजारी थेंब उडालेले. त्या दिवसापासून मी खडू घेऊन बसलो. पहिल्याच्या कामावर पांढरी खूण, दुसऱ्याच्या कामावर पिवळी. हातबनावटीच्या गाडीला मॅन्युअल नसतं, पण कोणतं काम मूळ आणि कोणतं नंतरचं एवढं जरी वेगळं करता आलं तरी निम्मं मॅन्युअल हाती येतं, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळपर्यंत पिवळ्या खुणा जवळजवळ सगळ्या डाव्या बाजूला जमल्या होत्या.

मग ब्रेक. ड्रम उघडण्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या मोटारींच्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसा, चांगला मास्क लावा आणि ते फडकं पिशवीत बांधून वेगळं ठेवा. ती धूळ फुप्फुसात गेली की परत काढता येत नाही.

उजव्या ड्रममधलं लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजलं होतं. डाव्या ड्रममधलं जवळजवळ नवं. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, उजवा ब्रेक दोनदा बदललाय, तो टिकतच नाही. त्याच्या मते उजव्या ब्रेकमध्येच काहीतरी खोट होती. मला वेगळीच शंका आली, आणि तात्पुरते ब्रेक शू बसवून सपाट कोरड्या जमिनीवर गाडी चालवल्यावर ती खरी ठरली. दांडे सोडले की गाडी डावीकडे वळायची. सरळ जायचं तर सारखा उजवा दांडा ओढावा लागायचा. म्हणजे उजवा ब्रेक बिचारा निर्दोष होता. डावा ट्रॅक इतका ताणलेला होता की त्याची ओढ उजव्याच्या कितीतरी पुढे गेली होती. ट्रॅक उतरू नये म्हणून ताणला, ताणला म्हणून गाडी डावीकडे खेचू लागली, खेचते म्हणून उजवा ब्रेक झिजला, आणि ब्रेक झिजला म्हणून दोनदा ब्रेक बदलला. ट्रॅक ताणून धरणाऱ्या पुढच्या डाव्या चाकाचा, म्हणजे आयडलरचा, अ‍ॅक्सल वाकला होता, ताण देणाऱ्या बोल्टचे आटे ओढले गेले होते, बेअरिंगमध्ये खेळ आला होता. हे सगळं त्या एकाच ताणाचं देणं होतं.

मग ट्रॅक उतरतो तरी का?

पहिला संशय चाकांच्या रांगेवर. दातेरी चाकापासून आयडलरपर्यंत सुतळी ताणून पाहिली. अ‍ॅक्सल वाकल्यामुळे आयडलर तिरका झाला होता. अ‍ॅक्सल बदलला, रांग सरळ केली. ट्रॅक इतका सैल केला की वरच्या बाजूला दोन आधारांच्या मध्ये तो वीस-पंचवीस मिलिमीटर झोळ घेईल, जेवढा उजव्याला होता. कोरड्या जमिनीवर तासभर फिरवला, काही झालं नाही. मला वाटलं, संपलं काम. दुसऱ्या दिवशी चिखलात नेली. मागे घेत उजवीकडे वळवली आणि पाचव्या मिनिटाला डावा ट्रॅक दातांवर चढला आणि बाहेर पडला.

ज्याने कधी चिखलात उतरलेला ट्रॅक बसवला नाही त्याला यातलं दुःख सांगून कळणार नाही. जॅक लावायला घट्ट जमीन नाही, फळ्या अंथरायच्या, बोल्ट पूर्ण सैल करायचा, पहारीने आडपट्टी दातावर ओढायची. दोन माणसं आणि तीन तास.

पण त्या पाच मिनिटांनी दोन गोष्टी सांगितल्या: उतरतो तो चिखलातच, आणि उतरतो तो मागे घेताना. मागे घेतानाचं कारण समजण्यासारखं आहे. दातेरी चाक मागे असेल तर पुढे जाताना ते खालचा, जमिनीवरचा पदर ओढतं. ताण तिथे असतो आणि सैलपणा वर जातो, जिथे तो कुणाला त्रास देत नाही. गाडी मागे घेतली की उलटं होतं. ताण वरच्या पदरावर येतो आणि सैलपणा नेमका खाली, जिथे ट्रॅक दातेरी चाकावरून सुटून जमिनीकडे जातो त्या तोंडाशी जमतो. पण हे उजव्या बाजूलाही तसंच होतं, आणि उजवा ट्रॅक कधीच उतरत नव्हता. म्हणजे चिखल आणि डावी बाजू यांचा काहीतरी संबंध असला पाहिजे.

दोन्ही दातेरी चाकं काढून शेजारी ठेवली. मळ एवढा बसला होता की तोवर ती सारखीच वाटत होती. धुतल्यावर फरक दिसला. उजव्या चाकात मधल्या दातेरी चकतीच्या दोन्ही बाजूंना गोल सळ्यांचा पिंजरा होता. पट्टे या सळ्यांवर टेकतात आणि सळ्यांमधून आरपार दिसतं. डाव्या चाकालाही असाच पिंजरा होता, पण त्याच्या काही सळ्या कधीतरी तुटल्या असाव्यात. त्या नव्याने बसवण्याऐवजी कुणीतरी पिंजऱ्याभोवती ३ मिलिमीटरचा पत्रा गुंडाळून वेल्ड केला होता. टाके जाड, फुगीर. पिवळी खूण.

पाहताक्षणी कुणीही म्हणेल की पत्र्याचं काम जास्त मजबूत आहे. मलाही तसंच वाटलं. मग उजव्या चाकाच्या आतल्या कड्यावर वायर ब्रश फिरवत असताना गंजाखालून एक आकडा वर आला. स्क्रायबरने ओरखडलेला, नखाएवढ्या उंचीचा: ३०८. त्याच्या शेजारी पंचाची एक खूण, आणि तिथून बरोबर दहावा भाग सोडून दुसरी. कॅलिपर लावला. उजव्या पिंजऱ्याचा बाहेरचा व्यास ३०८. डाव्याचा, पत्र्यासकट, ३१४.

हे सहा मिलिमीटर काय करतात ते बघा. चाकाला दहा दात, आडपट्ट्यांमधलं अंतर १०० मिलिमीटर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पट्टा १००० मिलिमीटर सरकायला हवा. पट्टा १० मिलिमीटर जाड आहे. वाकताना त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि मधल्या थराची लांबी बदलत नाही. म्हणून हिशोब त्या मधल्या थराचा करायचा, म्हणजे व्यासात एक जाडी मिळवायची. ३०८ अधिक १० म्हणजे ३१८, गुणिले ३.१४१६, म्हणजे ९९९. सळ्यांवरून पट्टा किंचित कोनात वाकतो, तो बारीक फरक इथे सोडून देतो. बनवणाऱ्याने हा हिशोब करूनच व्यास ठरवला होता. ते ३०८ म्हणजे त्याचं उत्तर होतं.

आता डावीकडे ३१४ अधिक १०, म्हणजे ३२४, परीघ १०१८. दर दाताला १.८ मिलिमीटरचा फरक. ट्रॅक चाकाला अर्धा वेढा घालतो, म्हणजे पाच दात. पाचव्या दातापर्यंत हा फरक ९ मिलिमीटर होतो. दात आणि आडपट्टी यांच्यात मोकळी जागा होती ८ मिलिमीटर.

मग कोरड्या जमिनीवर तो चालत कसा होता? याचं उत्तर सापडलं तेव्हा मी खरोखर थोडा वेळ खाली बसलो. डाव्या पट्ट्यावर दहा आडपट्ट्यांचं अंतर एकत्र मोजलं (एकेक मोजलं तर चूक दिसत नाही) तर ते १००६ भरलं. उजव्यावर १००१. वर्षानुवर्षं ताणून ताणून डावा पट्टा वाढला होता आणि त्या चुकीच्या चाकाच्या जवळ गेला होता. फरक दर दाताला १.२ वर आला होता, पाच दातांवर ६, म्हणजे मोकळ्या जागेत बसणारा. ताण दिल्यावर गाडी चालायची, हे मालकाचं म्हणणं अनुभवाचंच होतं. ताणाने रोग बरा होत नव्हता, पण पट्टा ओढून तो रोगाच्या मापाचा होत होता.

आणि चिखल? मागचं दातेरी चाक जमिनीवरून नुकताच उचललेला, ताज्या मातीने भरलेला पट्टा घेतं. चाक पुढे असतं तर माती वरच्या पदरावरून येईपर्यंत निम्मी झडली असती. म्हणून मागच्या चाकाला पिंजरा हवा, म्हणजे माती सळ्यांमधून आत पडते आणि बाजूने निघून जाते. पत्र्यावर ती कुठे जाणार? ती दबते आणि थर धरते. चार मिलिमीटरचा थर धरला तर व्यास ३२२ होतो, परीघ १०४३ आणि पाच दातांवर फरक १८ मिलिमीटर. दात चढणारच.

कागदावरचा हिशोब पटला तरी मला तो डोळ्यांनी बघायचा होता. डावी बाजू आधाराच्या भक्कम घोड्यांवर उचलली, इंजिन बंद ठेवून चाकावर ओली माती लिंपली, मित्राला इंजिन बंद करायच्या स्विचजवळ उभं केलं आणि दोघेही ट्रॅकच्या रांगेतून बाजूला राहिलो. मागच्या गिअरमध्ये अगदी हळू फिरवलं. काही फेऱ्यांतच आडपट्टी दाताच्या टोकावर चढून कुरकुरू लागली. माती खरवडून काढली की पुन्हा नीट चालायचा.

दुरुस्तीत मी मुद्दाम एकाच वेळी एकच गोष्ट बदलली. पत्रा कापून काढला, तुटलेल्या सळ्यांच्या जागी त्याच जाडीच्या नव्या सळ्या लावल्या आणि व्यास लेथवर ३०८ ला आणला. वाढलेला जुना पट्टा तसाच ठेवून गाडी त्याच चिखलात नेली. पुढे, मागे, दोन्हीकडे वळणं, सगळं केलं. ट्रॅक टिकला. पट्टा आधी बदलला असता तर कशाने काम झालं हे मला कधीच कळलं नसतं.

पट्टा नंतर बदलला, कारण बोल्टची भोकं लांबट झाली होती आणि कडेने कापडाचे थर उघडे पडून पाणी आत शिरत होतं. नवा बेल्ट बरोबर १० मिलिमीटरचा घेतला. जास्त जाडीचा स्वस्तात मिळत होता, पण तो घेतला असता तर मी स्वतःच तो पत्रा पुन्हा गुंडाळला असता. भोकं ड्रिलने पाडली तर धागे ओढले जातात, म्हणून पोकळ पंचाने पाडली. मापं मागच्या भोकापासून पुढची अशी घेतली नाहीत, सगळी पहिल्या भोकापासून घेतली, नाहीतर अर्धा मिलिमीटरची चूक बावन्न वेळा साठत जाते.

जुना पट्टा सोडवताना सांधा हाती आला. बेल्टची दोन टोकं एकमेकांवर ठेवून बोल्ट मारले की तिथे जाडी दुप्पट होते, हे आता आपल्याला माहीत आहे. बनवणाऱ्याने दोन्ही टोकं तीन आडपट्ट्यांच्या अंतराइतकी सुरीने तिरकी तासली होती, जेणेकरून एकावर एक ठेवल्यावर जाडी पुन्हा १० च राहील. रबरावर सुरीचे फटके अजून दिसत होते, एकाच दिशेने, समान अंतरावर. मी नव्या पट्ट्याचा सांधा तसाच तासला. त्याला दोन संध्याकाळी लागल्या, आणि माझे फटके त्याच्याइतके सरळ आले नाहीत.

मूळ रचनेत मी स्वतःहून तीनच गोष्टी घातल्या: उघड्या शाफ्टवर जाळी, थ्रॉटलला दुसरी परतीची स्प्रिंग आणि सीटजवळ इंजिन बंद करायचा मोठा स्विच. त्या नसल्या तर गाडी माणसाला इजा करू शकते, म्हणून तिथे मूळपणाचा आग्रह धरला नाही. बाकी ब्रेकच्या मागच्या प्लेटला खालून पाडलेली पाणी जायची भोकंसुद्धा तशीच मोकळी करून ठेवली. ब्रेकनेच वळणाऱ्या गाडीत ड्रम ओले झाले तर गाडी वळतच नाही.

आता दांडे सोडले तर गाडी किंचित उजवीकडे जाते. उजवा पट्टा मूळचा आहे आणि त्याची रोडव्हील्स, म्हणजे ट्रॅकच्या जमिनीवरच्या पदरावर चालणारी चाकं, जुन्या बेअरिंगवर आहेत. त्यांतली दोन हाताने फिरवली तर जड लागतात. पुढचं काम ते. डाव्या चाकाच्या आतल्या कड्यावर मीही स्क्रायबरने ३०८ लिहिलं आहे, आणि त्याच्याखाली पट्ट्याची जाडी, १०. ती बनवणाऱ्याने लिहिली नव्हती.